थडियस स्टीव्हन्स : कायदा दिला, जमीन राहिली
(भाषण)



एका गोऱ्या माणसाबद्दल बोलायला उभा राहिलोय म्हणून नाकं मुरडू नका. आधी ऐका, मग शिव्या द्या.

थडियस स्टीव्हन्स. जन्म १७९२, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात. एक पाय जन्मतःच वाकडा. बाप जोडे शिवायचा. बायको आणि चार पोरं टाकून तो निघून गेला. आई सारा राबराब राबली आणि हा लंगडा पोरगा शिकला. पेनसिल्व्हेनियात वकील झाला.

आपल्याला देव्हारा मांडायचा नाही, म्हणून हेही सांगतो. १८२१ साली चॅरिटी बटलर नावाची काळी बाई स्वातंत्र्य मागत कोर्टात गेली. स्टीव्हन्स मालकाच्या बाजूनं उभा राहिला. आणि जिंकला! बाई गुलामच राहिली. पुढं हाच माणूस पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवू लागला. १८३८ साली राज्याच्या नव्या घटनेनं काळ्यांचा मताधिकार हिरावला, तेव्हा ह्यानं तिच्यावर सही करायचं नाकारलं. बदललेला माणूस सहीच्या वेळी ओळखू येतो.

आता त्याच्या घरात चला. लग्न केलं नाही. पुतणे वाढवले. त्यातला एक १८६३ साली चिकमॉगाच्या लढाईत मेला. लँकेस्टरच्या घराचा कारभार वीस वर्षं लिडिया हॅमिल्टन स्मिथ ह्या मिश्रवंशीय बाईच्या हाती होता. काळ्या बाईला गोरे नुसत्या नावानं हाका मारायचे, हा तिला 'मिसेस स्मिथ' म्हणायचा. विरोधकांनी दोघांवर चिखल उडवला. त्यानं तिला दूर केलं नाही. मृत्युपत्रात लिहिलं : पाच हजार डॉलर एकरकमी, नाहीतर सालाला पाचशे, तिला हवं ते.

संसदेत चौदाव्या घटनादुरुस्तीमागं ह्या म्हाताऱ्याचा जोर होता. कायद्याचं समान संरक्षण त्यातूनच आलं. पण तेवढ्यानं पोट भरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो म्हणाला, बंडखोर जमीनदारांच्या जमिनी जप्त करा, मुक्त झालेल्यांना चाळीस चाळीस एकर द्या. इथं त्याच्याच पक्षाला घाम फुटला! दुरुस्ती १८६८ साली मंजूर झाली. जमीन मिळाली नाही. काळा माणूस कागदावर नागरिक झाला आणि जुन्याच मालकाच्या शेतात अर्धेलीनं राबत राहिला.

त्याच साली, ११ ऑगस्टला, स्टीव्हन्स गेला. गावातल्या इतर स्मशानांच्या नियमांत काळ्यांना जागा नव्हती, म्हणून त्यानं सगळ्यांना घेणारं लहानसं स्मशान आधीच निवडून ठेवलं होतं. तसं थडग्यावर कोरूनही घेतलं.

पाच वर्षांनी, १८७३ साली, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या लोकांतला हा एक. म्हणून त्याचा हिशेब आपणही नीट वाचायचा. जमा बाजूला कायदा, घर, कबर. बाकी राहिली जमीन.

ती बाकी विसरू नका.