आगगाडीचे भाडे आणि गृहिणीचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



 वर्धापनदिनाच्या सभेत आपण आजवर मुलांचे संगोपन, आहारातील जीवनसत्त्वे, थोर स्त्रियांची चरित्रे असे विषय ऐकले. आज मी आगगाडीच्या भाड्याविषयी बोलणार, हे समजल्यावर एका मैत्रिणीने मला विचारले, "अहो, हा तर पुरुषांचा विषय. त्यात आपल्याला काय कळणार?" मी तिला म्हटले, "मेथीच्या जुडीचा भाव दोन रुपयांनी चढला तर तुला लगेच कळते ना? मग तिकिटाचा भाव का कळू नये?" घरखर्चाची वही जिच्या हाती, तिला हा विषय परका नाही.

परभणीला आगगाडी काही नवी नाही. १९०० च्या सुमारास हैदराबादहून मनमाडला जाणारा मीटरगेज मार्ग आपल्या मुलखातून सुरू झाला. त्याला हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे म्हणत. पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू ही आपली स्टेशने याच मार्गावरची. हा मार्ग ज्या कंपनीच्या कारभाराखाली होता, तिचे नाव होते 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे'. या नावातला 'गॅरंटीड' हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. कंपनी लंडनमध्ये स्थापन झालेली, भांडवल तिथल्या भागीदारांचे, आणि त्या भांडवलावर ठरावीक व्याज मिळेलच याची हमी निजाम सरकारची. थोडक्यात, नफा झाला तर भागीदारांचा आणि तूट आली तर रयतेच्या तिजोरीची! आज खाजगीकरण हा शब्द नवा वाटतो, पण आपल्या आजी-पणजींनी परभणी स्टेशनावर जी पहिली गाडी पाहिली, ती कंपनीचीच होती.

या हमीच्या करारावर त्या काळीही वाद झाला होता. १८८३ साली चांदा रेल्वे योजनेचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे जाणाऱ्या मार्गाचा, करार व्हायचा होता. तो लोकांसमोर मांडावा, त्याची उघड चर्चा व्हावी, असा आग्रह हैदराबादेतील काही सुशिक्षितांनी धरला. त्यांत पुढे होते अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे आपल्या सरोजिनी नायडूंचे वडील. त्यांना या आग्रहापायी हैदराबाद राज्यातून हद्दपार करण्यात आले. एका वडिलांनी रेल्वेचा करार दाखवा म्हणून विचारले आणि त्यांना गाव सोडावे लागले, ही गोष्ट आपण मुलींना जरूर सांगावी.

पुढे १९३० साली निजाम सरकारने ही रेल्वे विकत घेतली. हैदराबाद मुक्त झाल्यावर ती भारत सरकारकडे आली आणि १९५१ साली मध्य रेल्वेत सामील झाली. १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे निघाली. आज आपण तिच्या नांदेड विभागात मोडतो. म्हणजे कंपनी, संस्थान आणि लोकनियुक्त सरकार, असे तिन्ही धनी आपल्या रुळांनी पाहिले आहेत.

आता भाड्याकडे वळते. १ जुलै २०२५ रोजी मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या साध्या डब्यांचे भाडे किलोमीटरमागे एक पैशाने आणि वातानुकूलित डब्यांचे दोन पैशांनी वाढले. पुन्हा त्याच वर्षी २६ डिसेंबरपासून या दोन्ही डब्यांना दोन-दोन पैसे वाढ झाली. साध्या गाडीच्या दुसऱ्या वर्गाला मात्र २१५ किलोमीटरपर्यंत वाढ लागली नाही. परभणी ते मुंबई हे अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटरचे. शयनयान डब्यातून जाणाऱ्या उताऱ्याला या दोन वाढी मिळून सोळा-सतरा रुपये जास्त पडतात. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले, घराघरांत चर्चा झाली. मला विचाराल तर ही वाढ फार नाही. डिझेल महागले, पगार वाढले, तर भाडे कधीच वाढू नये असे म्हणणे शहाणपणाचे नव्हे.

पण मैत्रिणींनो, भाडे दोन दारांनी वाढते. एक पुढचे दार, तिथे दवंडी पिटली जाते. दुसरे मागचे दार, तिथे कोणी काही बोलत नाही, आणि आपल्या वहीला खरा खड्डा पडतो तो तिथूनच.

२०२० च्या साथीत गाड्या थांबल्या. पुढे त्या हळूहळू सुरू झाल्या, पण आपल्या जुन्या पॅसेंजर गाड्यांना 'विशेष' असे नाव मिळाले आणि त्यांना एक्स्प्रेसचे भाडे लागू झाले. डबे तेच, थांबे तेच, बाकही तेच. पण कमीत कमी तिकीट दहा रुपयांचे होते, ते तीस झाले. भाडेवाढ झाली असे कोणीच म्हटले नाही, केवळ गाडीचे नाव बदलले. दहाचे तीस म्हणजे तिप्पट! हे तीस पुन्हा दहा झाले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये.

या काळातली एक हकीकत मला ठाऊक आहे. आपल्यातल्याच एका भगिनीचे माहेर पूर्णेचे. वडील अंथरुणाला खिळलेले, भाऊ परगावी. ती दर रविवारी सकाळच्या गाडीने जायची, वडिलांना आंघोळ घालायची, आठवड्याची औषधे लावून ठेवायची आणि संध्याकाळी परत यायची. जाऊन-येऊन वीस रुपये, महिन्याचे ऐंशी. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा तेच दोनशे चाळीस झाले. २०२१ च्या हिवाळ्यात एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालू होता, त्यामुळे दुसरी सोयही नव्हती. यजमानांचे काम साथीत सुटलेले. तिने कोणाजवळ तक्रार केली नाही, फक्त महिन्याला चारऐवजी दोन वेळा जाऊ लागली. त्याच हिवाळ्यात वडील गेले. ती मला म्हणाली, "ताई, पैसे नव्हते असे नाही हो. पण दर वेळी साठ रुपये काढताना हात थबकायचा. वाटायचे, पुढच्या रविवारी जाऊ." तिच्या न झालेल्या त्या फेऱ्या कोणत्याही अहवालात नोंदल्या जाणार नाहीत. गाडीत गर्दी किती होती हे मोजता येते, पण भाड्यापायी कोण घरीच राहिली, हे कोण मोजणार?

दुसरे उदाहरण आपल्यातल्या पुष्कळजणींना थेट लागू पडणारे. अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना रेल्वेच्या भाड्यात निम्मी सूट होती आणि साठ वर्षांवरील पुरुषांना चाळीस टक्के. मार्च २०२० मध्ये ही सूट बंद झाली. साथ गेली, पण सूट काही परत आली नाही. किलोमीटरमागे दोन पैशांवर आपण तावातावाने बोललो, पण ज्या दिवशी आजीबाईंचे तिकीट जवळजवळ दुप्पट झाले, त्या दिवशी आपण गप्प होतो. याच्या उलट एसटीकडे पाहा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास. २०२५ च्या जानेवारीत एसटीने भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढवले खरे, पण अर्धे तिकीट कायम ठेवले. त्यानंतर बसस्थानकावर बायकांची गर्दी किती वाढली, हे मी आपल्याला सांगायला नको.

आता रेल्वेची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर आपला हिशेब एकांगी होईल. काही वर्षांपूर्वी तिकिटावरच छापलेले असे की, प्रवासाला येणाऱ्या खर्चापैकी सरासरी सत्तावन्न टक्केच आपल्याकडून वसूल होतात. ही तूट मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढतात. म्हणजे कोळसा, सिमेंट, धान्य यांचे भाडे चढे ठेवावे लागते आणि ते पुन्हा आपल्याच बिलात येते. शिवाय आपला मार्ग पुष्कळ ठिकाणी अजून एकेरी आहे. समोरची गाडी जाईपर्यंत साधी गाडी बाजूला उभी राहते, त्यात दोष गार्डचा नसतो. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्राने २०२५ च्या जुलैत मंजुरी दिली, ही आनंदाची गोष्ट आहे.

तर मग, कंपन्यांकडे गाड्या दिल्या तर कारभार सुधारेल काय? तसे म्हणणारे लोक प्रामाणिक असू शकतात. २०१९ मध्ये दिल्ली-लखनौ आणि २०२० मध्ये मुंबई-अहमदाबाद अशा दोन 'तेजस' गाड्या रेल्वेच्याच एका महामंडळाने कंपनीच्या पद्धतीने सुरू केल्या. तासापेक्षा जास्त उशीर झाला तर शंभर रुपये आणि दोन तासांपेक्षा जास्त झाला तर अडीचशे रुपये भरपाई, ही गोष्ट वाखाणण्यासारखी होती. पण तिथे भाडे मागणीप्रमाणे चढे आणि वृद्धांना सवलत नव्हती. जुलै २०२० मध्ये १०९ मार्गांवर १५१ खाजगी गाड्या चालवण्यासाठी सरकारने कंपन्यांना बोलावले. तीस हजार कोटींच्या गुंतवणुकीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात पुढच्या वर्षी बोली लावायला दोनच जण आले, त्यांतले एक सरकारचेच महामंडळ होते आणि तो बेत बारगळला. रेल्वे विकणार नाही, असे सरकार वारंवार सांगत आले आहे.

परदेशांतला अनुभवही पाहण्याजोगा आहे. जपानने १९८७ साली सरकारी रेल्वेच्या कंपन्या केल्या. दाट वस्तीच्या होन्शू बेटावर त्या भरभराटीस आल्या, पण विरळ वस्तीच्या होक्काइडोत तोटा संपेना आणि मार्ग बंद होत गेले. इंग्लंडने १९९० नंतरच्या दशकात रेल्वे खाजगी केली. २००० साली हॅटफील्डला रूळ तुटून अपघात झाला, चार जण दगावले आणि देखभालीतील हेळसांड उघडी पडली. दोन वर्षांत रूळ पुन्हा सार्वजनिक संस्थेकडे गेले, आणि २०२५ पासून गाड्याही एकामागून एक सरकारकडे परत येत आहेत. आता विचार करा, आपले परभणी होन्शूसारखे की होक्काइडोसारखे? मुंबई-पुण्याला गाडी चालवायला कंपनी धावत येईल. परभणी-गंगाखेड-परळीच्या साध्या गाडीसाठी कोण येणार?

परंतु केवळ सरकार धनी आहे म्हणून गरिबाचा डबा आपोआप जोडला जातो, असेही नाही. नांदेडहून मुंबईला जाणारी वंदे भारत आपल्या स्टेशनावर थांबते. गाडी देखणी आहे, तिचा मला अभिमान वाटतो. ती सरकारचीच आहे, पण तिला साधा डबा नाही. उलट सरकारला मनात आणले तर काय करता येते, तेही आपण पाहिले आहे. मधु दंडवते १९७७ ते १९७९ मध्ये रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या आल्या आणि मुंबई-हावडा अशी वर्गभेद नसलेली गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. आज आपण पाठ टेकतो ती गादी कोणी नफ्यासाठी घातलेली नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, गाडीचा धनी कोण, हा एकच प्रश्न विचारून थांबू नये. आणखी तीन प्रश्न विचारावेत. साधा डबा आहे का? वृद्धांची सूट आहे का? आणि चुकले तर जाब कोणाला विचारायचा? पूर्वी रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प असे. २०१७ पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळला, तेव्हापासून रेल्वेवरच्या चर्चेचा तो हक्काचा दिवसही राहिला नाही. मग निदान आपण तरी विचारायला हवे.

यासाठी मी मंडळापुढे एक छोटी सूचना ठेवते. आपण एक वही घालू. ज्या भगिनीने प्रवास केला, तिने तारीख, गाडी, भाडे आणि झालेला उशीर तीत लिहावा. आणि भाड्यापायी जी जाऊ शकली नाही, तिनेही लिहावे, कारण ती नोंद दुसरे कोणीही ठेवणार नाही. वर्षअखेरीस तिची एक प्रत आपल्या खासदारांना आणि एक नांदेड विभागाच्या रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीला देऊ. अघोरनाथांना प्रश्न विचारल्याबद्दल हद्दपार व्हावे लागले. आपल्याला तर फक्त पोस्टापर्यंत जायचे आहे.

वहीचे पहिले पान मी आजच आखून आणले आहे. पूर्णेच्या त्या भगिनीने, तिच्याच इच्छेने, पहिली नोंद केली आहे. नाव घातलेले नाही. चहा घेताना प्रत्येकीने ते पान वाचावे आणि आपली ओळ लिहावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.