कोय कलम : दुसऱ्याला शिकवायचं कसं?

पूर्वी आपल्याकडे भेटकलमं बांधत. रोप फांदीशी महिनोन्महिने बांधून ठेवावं लागे. दापोलीला १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याने कोय कलमाची सोपी रीत कोकणात रुजवली. पुढे १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, तशी कलमांची मागणी वाढली. मिठबावात ज्यांचा हात कलमावर बसलेला आहे, त्यांनी यंदा वाडीतल्या पाच-सहा जणांना ही विद्या द्यावी. बायकांनाही बोलवा.

शिकवताना एकदम सगळं सांगू नका.

पहिल्या दिवशी फक्त चाकू. छाटलेल्या, टाकाऊ काड्यांवर पाचर घ्यायला लावा. काप चार-पाच सेंटीमीटर लांब, एका ओढीत, सपाट हवा. चाकू बोथट असेल तर काप खडबडीत होतो आणि हातही कापतो. म्हणून धार लावणं आधी शिकवा.

दुसऱ्या दिवशी खाच आणि जोड. पाचर खाचेत बसवून काडी उजेडाकडे धरा. फट दिसली तर पुन्हा करायला सांगा. दोन्हींच्या साली निदान एका बाजूला जुळल्या पाहिजेत.

तिसऱ्या दिवशी पॉलिथिनची पट्टी बांधणं. बांधलेलं तुम्ही सोडून तपासा.

मगच खरी रोपं द्या. रायवळ कोयीचं पंधरा-वीस दिवसांचं, तांबूस पानांचं रोप घ्यावं. कलमकाडी तीन-चार महिन्यांची, डोळा फुगलेली हवी. तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापावीत. जून ते ऑगस्ट हा हंगाम. कलमं सावलीत ठेवा.

प्रत्येकाने दहा कलमं बांधावीत आणि त्यांवर आपलं नाव लावावं. तीन-चार आठवड्यांनी किती फुटली ते मोजा. मेलेलं कलम फेकू नका, सोडून दाखवा. जोड सैल होता, पाणी शिरलं की काडी सुकली, हे डोळ्यांनी पाहिलं की चूक लक्षात राहते. मात्र रागावू नका, नाहीतर शिकणारा उद्या येणार नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. काडी कुठल्या झाडाची, हे विचारायची सवय लावा. दरवर्षी भरवशाचं फळ देणारं, निरोगी हापूसचं झाड स्वतः दाखवा. कलम फुटलं म्हणजे काम झालं, असं नव्हे. काडी वाईट असेल तर ते पाच-सहा वर्षांनी कळतं; तोवर शेतकऱ्याची जमीन, खत आणि मेहनत वाया गेलेली असते.