वेगळ्या चुली, एकत्र ताळेबंद



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, प्रवासवर्णने ऐकता. तेथे एका कामगार कार्यकर्त्याने कंपन्यांचे हिशेब एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरवर बोलावे, हे पत्रिकेत वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. विषय रुक्ष आहे, हे मी प्रथमच कबूल करतो. पण ज्याच्या घरी दिवाळीला बोनस येतो, ज्याचा भविष्य निर्वाह निधी कोठे ना कोठे गुंतवलेला आहे, ज्याने पोटाला चिमटा घेऊन चार शेअर घेतले आहेत, त्या प्रत्येकाचा घास या रुक्ष विषयाच्या वाटेने जातो. तेव्हा तासभर धीर धरा, एवढीच विनंती.

मी हिशेबनीस नाही. ताळेबंद वाचायला मी शिकलो तो वाटाघाटीच्या टेबलावर, आणि तोही हार खाल्ल्यावर. त्या हारीची गोष्ट पुढे सांगतो. तत्पूर्वी एका घराची गोष्ट ऐका.

समजा, दोन भाऊ आहेत. थोरला गुऱ्हाळ चालवतो, धाकट्याचे शहरात दुकान आहे. थोरल्याला गूळ किलोला ३८ रुपयांना पडतो. तो धाकट्याला ४० ने देतो आणि धाकटा गिऱ्हाइकाला ६० ने विकतो. थोरल्याच्या वहीत किलोमागे २ रुपये नफा, धाकट्याच्या वहीत २०. आता घराची एकत्र वही करायची झाली तर दोन्ही वह्यांची नुसती बेरीज करून चालणार नाही. तशी केली तर घराची विक्री शंभर रुपये दिसेल. प्रत्यक्षात घरात बाहेरून आले साठच. म्हणून भावाभावांतली ४० रुपयांची विक्री आणि तेवढीच खरेदी दोन्हीकडून खोडायची. दुकानात गूळ पडून राहिला असेल, तर त्यावरचे थोरल्याचे २ रुपयेही तूर्त नफा म्हणून धरायचे नाहीत. कारण स्वतःच्याच घराला माल विकून कोणी श्रीमंत होत नाही. एकत्र ताळेबंद म्हणतात तो हाच. परदेशातली उपकंपनी असली की चलनाचा दर येतो, उपकंपनीत बाहेरच्यांचे भाग असले की त्यांचा वाटा वेगळा दाखवावा लागतो. पण मूळ विद्या एवढीच.

आता याच उदाहरणातली मेख पाहा. भावाभावांतला दर ४० ऐवजी ३६ ठरवला, तर काय होईल? थोरल्याला किलोमागे २ रुपये तोटा, धाकट्याला २४ रुपये नफा. घराचा नफा तोच, २२ रुपये! एकत्र वहीत तसूभर फरक पडत नाही. फरक पडतो तो गुऱ्हाळावर राबणाऱ्या माणसाला. त्याला मालक सांगतो, "बाबा रे, यंदा गुऱ्हाळ तोट्यात आहे." आणि वही उघडून दाखवतो. वहीत लिहिलेले एक अक्षरही खोटे नसते.

मी हरलो तो येथे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमची बोनसची बोलणी चालली होती. हा कारखाना म्हणजे एका मोठ्या समूहाची उपकंपनी. तिचा स्वतंत्र ताळेबंद, आणि त्यात तोटा. बोनसचा १९६५ चा कायदा असे सांगत होता की, आस्थापनेच्या शाखा आणि विभाग एकच धरावेत. पण ज्या विभागाचा ताळेबंद व नफातोटा पत्रक वेगळे ठेवले जाते, तो त्या वर्षापुरता सामान्यतः वेगळा. उपकंपनी तर कायद्याने निराळी व्यक्तीच. त्यामुळे तोटा असला तरी द्यावाच लागणारा किमान ८.३३ टक्के बोनस आम्हाला मिळाला, आणि २० टक्क्यांपर्यंत जाण्याची वाट बंद झाली. हा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पण किमान आणि कमाल टक्केवारी तीच राहिली आहे. मी त्या वेळी समूहाचा एकत्र ताळेबंद टेबलावर आपटला आणि म्हणालो, "हा बघा तुमचा नफा!" समोरचे अधिकारी शांतपणे म्हणाले, "तो नफा समूहाचा आहे, या कारखान्याचा नाही." मजजवळ उत्तर नव्हते.

उत्तर होते, पण दुसऱ्या कागदावर. एकत्र ताळेबंदातून आपसातली विक्री खोडलेली असते. म्हणजे जे मला पाहायचे होते तेच तेथून नियमानुसार नाहीसे झालेले! ते सापडते उपकंपनीच्या स्वतंत्र ताळेबंदाला जोडलेल्या टिपांमध्ये. 'संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार' असे त्या टिपेचे नाव. तेथे आढळले की कारखान्याचा बहुतेक माल भावकीतल्याच कंपनीला जात होता. पुढल्या वर्षी आम्ही तोट्यावर वाद घातला नाही. आम्ही फक्त दर विचारला. त्या वर्षीची बोलणी निराळ्या सुरात झाली, एवढेच सांगतो.

असो. आता साधनांकडे वळू. आमच्या एका सभासदाची मुलगी हिशेबतपासणीच्या व्यवसायात आहे. तिने मला दोन-तीन रविवार शेजारी बसवून, खोटेखोटे आकडे घालून ही साधने समजावून दिली. तिचा पहिला धडा असा: "काका, आधी तीन जाती वेगळ्या करा. नोंदणारी, जोडणारी आणि दाखवणारी."

नोंदणारे म्हणजे रोजकीर्द-खतावणीचे सॉफ्टवेअर. आपल्या बाजारपेठेत ज्याच्या त्याच्या तोंडी असलेले टॅली हे त्यातले. १९८६ साली बंगळूरमध्ये उदयाला आलेले हे आपल्या देशातले काम आहे, याचा मला अभिमान वाटतो. त्यात अनेक कंपन्यांचे हिशेब एकत्र बेरजेने पाहण्याची सोय आहे. पण भावाभावांतला व्यवहार खोडण्याचे काम बव्हंशी माणसालाच करावे लागते. चार कंपन्यांच्या घराला ते पुरते. चाळीस कंपन्यांच्या घराला पुरत नाही.

जोडणारी साधने खास याच कामासाठी जन्मली. ओरॅकलचे हायपेरियन, आयबीएमच्या घरात वाढलेले कंट्रोलर, एसएपीचे बीपीसी आणि नंतरचे ग्रुप रिपोर्टिंग, इटलीतल्या लुक्का गावी जन्मलेले टॅजेटिक, अमेरिकेतले वनस्ट्रीम ही त्यातली ठळक नावे. गंमत अशी की, २००७-०८ च्या सुमारास ओरॅकलने हायपेरियन घेतले, एसएपीने बिझनेस ऑब्जेक्ट्स घेतले आणि आयबीएमने कॉग्नॉस घेतले. एकत्रीकरणाची साधने विकणाऱ्यांचेच एकत्रीकरण झाले! ही साधने आपसातली येणी-देणी जुळवतात, न जुळलेली पुढे काढून ठेवतात, परकी चलने बदलतात आणि कोणाचा किती हिस्सा ते सांभाळतात. त्यांत फरक आहेत. एसएपीचे ग्रुप रिपोर्टिंग त्याच घराण्यातल्या खतावणीला चिकटलेले असते. त्यामुळे एकत्र आकड्यावरून थेट मूळ नोंदीपर्यंत उतरता येते. पण सारे घर त्याच खतावणीवर असेल तरच ही सोय पुरती. टॅजेटिक किंवा वनस्ट्रीम निरनिराळ्या खतावण्यांतून आकडे उचलतात. नाना तऱ्हेच्या कंपन्या विकत घेऊन वाढलेल्या समूहाला ते सोयीचे. मात्र मधले सांधे कसे जोडले आहेत, यावर परत जाण्याची वाट अवलंबून राहते.

तिसरी जात दाखवणाऱ्यांची. पॉवर बीआय, टॅब्लो ही त्यातली. रंगीत आलेख, नकाशे, चक्रे. पाहून डोळे निवतात. पण ही साधने स्वतःहून काही खोडत नाहीत की जुळवत नाहीत. जे वाढले ते सुंदर ताटात मांडतात. शिळे वाढले तर शिळेच.

आणि या तिन्हींच्या फटीत बसलेले आहे ते साधे कोष्टक, एक्सेल. स्वस्त, सुटसुटीत, सर्वांच्या हातचे. मी स्वतः संघाची वर्गणी त्यातच मांडतो. त्याची निंदा करणार नाही. पण त्याचा स्वभाव ओळखला पाहिजे. २०१२ साली जेपी मॉर्गन या अमेरिकन बँकेला लंडनमधल्या व्यवहारांत सहा अब्ज डॉलरांहून अधिक फटका बसला. बँकेच्याच चौकशीत पुढे आले की, जोखीम मोजण्याचे काम हाताने चिकटवाचिकटव केलेल्या कोष्टकांवर चालले होते, आणि एका सूत्रात सरासरीने भागण्याऐवजी बेरजेने भागले गेले होते. जोखीम होती त्याहून कमी दिसली. तोटा त्या एका चुकीने झाला नाही. पण धोक्याची घंटा मात्र त्या चुकीने मुकी केली.

मग यांतले कोणते साधन चांगले? विक्रेता म्हणतो, "आमचे साधन महिन्याचा हिशेब पाच दिवसांत मिटवते, दुसऱ्याला दहा लागतात." व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा गुण खराच. परंतु ज्यांचा घाम आणि पैसा त्या हिशेबात आहे, त्यांची कसोटी निराळी असली पाहिजे. ती एका वाक्यात सांगता येते: एकूण आकड्यावर बोट ठेवले तर हे साधन मला मूळ पावतीपर्यंत परत नेते काय, आणि वाटेत कोणी काय बदलले ते दाखवते काय?

ही कसोटी मी हवेतून काढलेली नाही. सत्यमचे प्रकरण आपणास आठवत असेल. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केले की, वह्यांत दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. चौकशीत ७,५६१ खोटी बिले निघाली. ही बिले कशी लपली? कंपनीच्या स्वतःच्या बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये विशेष अधिकाराने ती घुसवली होती आणि इतर विभागांना दिसणार नाहीत अशी खूण त्यांवर केली होती. सॉफ्टवेअर बनवून जगाला विकणारी कंपनी ती! साधनांची वाण नव्हती. दार कोणी उघडले याची निमूटपणे नोंद ठेवणारा राखणदार नव्हता. २०१५ साली विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवले.

दुसरे उदाहरण २०१८ चे, आयएल अँड एफएस. सरकारने संचालक मंडळ बदलले तेव्हा समूहात सुमारे १६९ कंपन्या असल्याचा समज होता. नव्या मंडळाने मोजल्या, त्या भरल्या ३४८. कर्ज नव्वद हजार कोटींच्या वर. एकत्र ताळेबंद तेथेही होताच, उत्तम मानांकनही होते. आणि त्या रोख्यांत कोणाचे पैसे होते? अनेक ठिकाणच्या कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचे. त्या निधींचे विश्वस्त पुढे न्यायाधिकरणाच्या दारात उभे राहिले. जोडणारे यंत्र कितीही हुशार असो, ज्या चुलीचे नावच त्याला सांगितले नाही, तिचा धूर ते कसा दाखवणार?

कायदा हळूहळू पुढे सरकला आहे, हे मान्य केले पाहिजे. १९५६ च्या कंपनी कायद्यात उपकंपन्यांचे हिशेब जोडायचे होते, एकत्र करायचे नव्हते. २०१३ च्या कायद्याच्या कलम १२९ ने एकत्र ताळेबंद सर्वांना बंधनकारक केला, आणि त्यासोबत एओसी-१ नावाचे पत्रक जोडायला लावले. त्यात प्रत्येक उपकंपनीची उलाढाल आणि नफातोटा वेगवेगळा दिसतो. १ एप्रिल २०२३ पासून आणखी एक चांगला नियम आला: कंपनीचे हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचे, त्यात प्रत्येक फेरबदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. हिशेबतपासनिसाने त्यावर आपल्या अहवालात मतही द्यायचे आहे. सत्यमचा धडा गिरवायला आपल्याला चौदा वर्षे लागली; पण गिरवला.

तेव्हा माझ्या कामगार बंधूंना आणि लहान भागधारकांना सांगणे एवढेच. हायपेरियन की वनस्ट्रीम, हे ठरवणे आपल्या हाती नाही. पण त्या यंत्रातून बाहेर पडलेला कागद वाचणे आपल्या हाती आहे. एकत्र ताळेबंद वाचा, पण तेथे थांबू नका. एओसी-१ पाहा. आपल्या कारखान्याचा स्वतंत्र ताळेबंद निबंधकाकडून अल्प शुल्क भरून मिळवा आणि त्यातली संबंधित पक्षांची टीप काढा. तपासनिसाच्या अहवालात फेरबदलांच्या नोंदीविषयी काय म्हटले आहे ते शोधा. निधीच्या विश्वस्तांना विचारा, "आपले पैसे कोणत्या घरात आहेत, आणि त्या घरात चुली किती?" हे विचारायला पदवी लागत नाही. थोडी चिकाटी लागते, आणि शेजारी बसून शिकवणारे एखादे लेकरू.

त्या मुलीने शेवटच्या रविवारी मला विचारले, "काका, आता कळले का?" मी म्हटले, "पोरी, सगळे नाही कळले. पण कोणता आकडा पाहून गप्प बसायचे नाही, ते कळले." आपणही आज एवढेच घेऊन घरी गेलात, तरी माझे येणे कारणी लागले असे मी समजेन.