फाळक्यांचा वाटाणा आणि आपला संत्रा



2023 साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला, पण कॅमेरे त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक, सुरू झाली की वाहिन्यांच्या गाड्या लागतात. पात्रात रोवलेला पळस, त्यावरचा झेंडा, पांढुर्ण्याची बाजू, सावरगावची बाजू, जखमींचा आकडा, संपलं. संध्याकाळी गाड्या परत. उरलेलं वर्षभर इथं काय पिकतं, काय विकलं जातं, हे दाखवायला कोणी येत नाही. ते तुम्हा आजच्या स्नातकांनाच दाखवावं लागणार. मी मूळचा सौंसरचा. नागपुरात छोट्या धंद्यांचे व्हिडिओ करून पोट भरतो. तेव्हा जीवनमूल्यांवर बोलायचा अधिकार माझा नाही. कॅमेऱ्यासमोर माणूस माणसासारखा कसा दिसेल, एवढंच बोलतो.

माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक जण आधी म्हणतो, ‘‘भाऊ, माझ्या चेहऱ्यात काही दम नाही.’’ चेहऱ्याचा दोष फारच कमी वेळा असतो. संत्र्याच्या बगिच्यात बापाशी बोलताना हाच पोरगा सांगतो, ‘‘आंबिया बहार मस्त धरून राहिला, पण खालच्या धुऱ्याकडं फळगळ आहे.’’ हात हलतात, भुवया चढतात, ऐकणारा थांबून ऐकतो. मोबाईल समोर धरला रे धरला की त्याचाच आवाज वर चढतो, खांदे ताठ होतात आणि तोंडातून टीव्हीवरची हिंदी बाहेर पडते. हिंदीत बोला, जरूर बोला. दिल्लीच्या व्यापाऱ्याला मराठी कुठून कळणार? पण ती हिंदी तुम्ही मंडीत बोलता तीच असू द्या.

लग्नात फेटा बांधलेल्या नवरदेवासारखं अवघडून बसायचं कारण एकच: त्या वेळी सगळं लक्ष स्वतःवर असतं. म्हणून माझा पहिला उपाय असा की हातात काम द्यायचं, म्हणजे लक्ष मालावर जातं. दादासाहेब फाळक्यांना सिनेमा काढायचा होता, भांडवल नव्हतं. त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून चित्रित केली आणि पैसेवाल्याला दाखवली. पैसे मिळाले, पुढे 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. धंद्यासाठी केलेला हा व्हिडिओच म्हणा. त्यात फाळके स्वतः झळकले नाहीत, वाटाण्याला पुढं केलं.

तुम्ही संत्र्याला पुढं करा. बाहेरचा व्यापारी फोनवर बगिचा पाहतो, तेव्हा त्याला काय हवं असतं? फळाचा आकार, झाडावर किती माल आहे, साल स्वच्छ आहे की डागाळलेली, गाडी बगिच्यापर्यंत येते की चिखलात फसते. तेव्हा फांदी वाकवा, फळ तोडा, साल सोला, फोड मोडून रस दाखवा. आणि झाडाखाली गळून पडलेली फळंही दाखवा. इथं सगळे कचरतात. पण हा माणूस गळालेली फळं लपवत नाही, एवढं एकदा दिसलं की झाडावरच्या फळांबद्दलही त्याचा शब्द खरा वाटतो. लपवलेली फळगळ तोडणीच्या दिवशी उघडी पडतेच, आणि तोवर भावही ठरलेला असतो, मग भांडण.

दुसरी गोष्ट मी शाळा न शिकलेल्या एका माणसाकडून घेतली आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा. 8 नोव्हेंबर 1956 ला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं, ते ध्वनिमुद्रित आहे. पुढच्याच महिन्यात बाबा गेले. ते ध्वनिमुद्रण मिळवून ऐका. मुंबईत उभे आहेत म्हणून त्यांनी वऱ्हाडी सोडलेली नाही. प्रश्न विचारतात, थांबतात, लोकांकडून उत्तर काढून घेतात, मगच पुढं सरकतात. व्हिडिओत उत्तर ऐकू येत नाही, हे खरं. पण विचारून दोन क्षण थांबलात तर पाहणारा मनात उत्तर देतो. भडाभडा बोलणाऱ्याला हे जमत नाही. कोणा एका ओळखीच्या माणसाला, मामाला म्हणा, वर्गमैत्रिणीला म्हणा, सांगतोय असं धरा. ‘दोस्तों’ म्हणून हजारोंना हाक मारू नका.

लाजण्याचं म्हणाल, तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे सत्तरीच्या घरात नातवाच्या मदतीनं यूट्यूबवर आल्या. ‘आपली आजी’ म्हणून लाखो लोक त्यांना ओळखतात. सुरुवातीला त्याही अवघडल्या होत्या. पण समोर चूल, हातात परात, आणि पदार्थ आयुष्यभर केलेला. बुजायला फुरसत कुठली?

काही बारीकसारीक गोष्टी सांगून टाकतो. स्क्रीनवर स्वतःचा चेहरा पाहत बोललात तर पाहणाऱ्याला तुमचे डोळे कुठंतरी भलतीकडेच दिसतात; नजर भिंगाकडे ठेवा. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर हवा आणि तोंडापासून हातभर तरी लांब, नाहीतर नाकच पुढं येतं. सूर्य पाठीशी नको, चेहरा काळा पडतो. दुपारी झाडाखाली उन्हाचे कवडसे तोंडावर नाचतात, त्यापेक्षा सकाळ बरी. मोटरपंप बंद करा. चित्र थोडं कमी पडलं तर चालतं, आवाज फाटला तर माणूस पुढं सरकतो. आणि पाठ करू नका. पहिलं वाक्य तेवढं पक्कं ठरवा.

मग केलेला व्हिडिओ एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा फोन उलटा ठेवून नुसता ऐका. लाज वाटेल, वाटू द्या. नंतर घरातल्या सगळ्यात तिखट माणसाला दाखवा. आमच्याकडे ते काम आई करायची. ‘‘काऊन असा बोलून राहिला बाप्पा?’’ एवढं ती म्हणाली की मी पुन्हा शूटिंगला निघायचो.

कार्यक्रमानंतर मी तासभर इथंच आहे. ज्यांना करून पाहायचं आहे त्यांनी मोबाईल आणि आपापला माल घेऊन मागच्या व्हरांड्यात यावं. संत्रा, कापूस, शिवलेला ब्लाउज, काहीही चालेल. पण आधी प्रमाणपत्रं घ्या. प्राचार्यांनी आता दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं आहे.