एका बोटाखाली आठ टीव्ही



एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आठ टीव्ही एका भिंतीवर ओळीनं लावले आहेत असं समजा. हॉटेल असेल, शेअर दलालाची कचेरी असेल, नाही तर एखाद्या महाविद्यालयाचं सभागृह. तिसऱ्या टीव्हीचा आवाज कमी करायचा म्हणून तुम्ही रिमोट उचलता, बटण दाबता आणि निम्मी भिंत गप्प होते. रिमोट बिघडलेला नसतो. त्यातून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सेकंदाला साधारण 38 हजार वेळा लुकलुकतो. त्या लुकलुकण्यात दोनच गोष्टी भरलेल्या असतात: हुकूम कोणत्या जातीच्या यंत्रासाठी आहे, आणि हुकूम काय आहे. ‘तिसरा’ हा शब्द त्यात कुठेच नसतो. घरात टीव्ही एकच, हे रिमोटनं पहिल्यापासून धरून चाललेलं आहे. 1956 साली अमेरिकेत झेनिथ कंपनीसाठी रॉबर्ट ॲडलर यांनी बनवलेल्या रिमोटमध्ये तर बॅटरीसुद्धा नव्हती. बटण दाबलं की आतली ॲल्युमिनियमची कांडी हातोडीनं वाजायची आणि माणसाला ऐकू न येणारा तो नाद टीव्ही ऐकायचा. तेव्हापासून तंत्र बदललं, गृहीतक तेच राहिलं.

म्हणून अशा ठिकाणी भिंतीवर टच पॅनेल लावतात. पाहणाऱ्याला वाटतं की सगळी हुशारी त्या काचेत आहे. काच एवढंच सांगते, की अमुक क्रमांकाच्या बटणावर बोट पडलं. पुढचं सगळं मागच्या कपाटात बसलेला कंट्रोलर करतो, आणि तो काय करील हे त्याच्यासाठी लिहिलेली स्क्रिप्ट ठरवते. आज बोलायचंय ते या स्क्रिप्टबद्दल.

पहिला प्रश्न बटणांचा. आठ टीव्ही, प्रत्येकाची दहा बटणं, म्हणजे काचेवर ऐंशी चौकोन. कुणीही ते वापरणार नाही. हाच पेच फार मोठ्या प्रमाणावर जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पडला होता. तिथल्या नव्या कण-त्वरकात एकसारखी चुंबकं शेकड्यांनी होती. प्रत्येकाला खटका द्यायचा तर नियंत्रण कक्षाच्या भिंती पुरल्या नसत्या. फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांनी तिथे स्पर्शाचा पडदा आणला. बटणं फक्त 16, पण त्यांवरची अक्षरं गरजेप्रमाणे बदलणारी. आपल्या भिंतीलाही तेच लागू पडतं. वर आठ टीव्हींची एक ओळ, खाली चालू, बंद, आवाज, इनपुट यांचा एकच संच. आधी कोण ते निवडा, मग काय ते सांगा. स्क्रिप्टला फक्त ‘सध्या निवडलेला कोण’ एवढं लक्षात ठेवावं लागतं.

नवखा प्रोग्रामर काय करतो? पहिल्या टीव्हीसाठी पानभर कोड लिहितो, तो चालला की सात वेळा चिकटवतो आणि प्रत्येक पानात 1 चा 2, 2 चा 3 करत जातो. उद्घाटनाला सगळं झकास चालतं. सहा महिन्यांनी सेट-टॉप बॉक्सचं इनपुट बदलायचं ठरतं, आठांपैकी सात पानांत बदल होतो आणि पाचवं पान नजरेतून सुटतं. पाचवा टीव्ही मग निळा पडदा दाखवत बसतो.

अशा स्क्रिप्ट ज्या भाषांमध्ये लिहितात त्यांत हे टाळायची सोय फार पूर्वीपासून आहे. एएमएक्स कंपनीच्या कंट्रोलरसाठी नेटलिंक्स नावाची भाषा आहे. तिच्यात आठ टीव्हींची एक यादी करता येते, आठ बटणांची दुसरी. बोट पडलं की ‘गेट लास्ट’ म्हणून एक आज्ञा आहे, ती सांगते की यादीतल्या कितव्या बटणावर पडलं. उत्तर आलं 3, तर यादीतला तिसरा टीव्ही. नियम एकदाच लिहायचा. बारीकसारीक खोड्या उरतातच. नेटलिंक्सची यादी 1 पासून मोजते, दुसऱ्या कित्येक भाषा 0 पासून. मग चौथं बटण दाबल्यावर शेजारचा टीव्ही पेटतो आणि सगळे वायरमनकडे बघायला लागतात.

वायरमनचाही एक मुद्दा आहेच. एलजीच्या व्यावसायिक टीव्हींना केबलवरून हुकूम द्यायचा तर ‘के, ए’ ही दोन अक्षरं, मग सेटचा क्रमांक, मग 01 म्हणजे चालू, 00 म्हणजे बंद. सेटच्या क्रमांकाच्या जागी 00 घातलं तर ओळीतले सगळेच ऐकतात. पण हा क्रमांक प्रत्येक टीव्हीच्या मेनूत जाऊन माणसानंच भरायचा असतो. आणि पहिला टीव्ही कोणता? समोर उभ्या माणसाच्या डावीकडचा, की दाराजवळचा? हे कागदावर ठरलेलं नसेल तर स्क्रिप्ट कितीही नेटकी असो, भिंत उलटी चालते. माझा आग्रह असतो, की पॅनेलवर ‘डिस्प्ले 5’ लिहूच नये. ‘खिडकीजवळचा’ लिहा. शिपायाला खिडकी दिसते, पाच दिसत नाही.

आता खरा अवघड भाग: उत्तर ऐकणं. टीव्हीच्या जागी प्रोजेक्टर घ्या. बऱ्याच कंपन्यांच्या प्रोजेक्टरना पीजेलिंक नावाची समाईक बोली येते. नेटवर्कवरच्या 4352 क्रमांकाच्या पोर्टवर ती बोलतात. ‘चालू आहेस का’ विचारलं तर उत्तरं चार: 0 म्हणजे बंद, 1 म्हणजे चालू, 2 म्हणजे दिवा थंड होतोय, 3 म्हणजे तापतोय. दिवा थंड होत असताना ‘चालू हो’ म्हटलं तर प्रोजेक्टर ऐकत नाही. पॅनेलवरचं बटण मात्र बोट लागताच हिरवं झालेलं असतं, कारण स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं हुकूम दिला म्हणजे काम झालं असं मानलं. वक्ता वाट बघतो, वैतागून पुन्हा दाबतो, आणि बटण आधीच हिरवं असल्यानं स्क्रिप्ट या वेळी ‘बंद हो’ सांगते. बटणाचा रंग यंत्राच्या उत्तरावरून बदलावा, बोटावरून नव्हे. चार उत्तरं, तर चार रंग.

यासाठी कंट्रोलर ठरावीक वेळानं वर्गातल्यासारखी हजेरी घेत राहतो. गैरहजर विद्यार्थ्यासाठी मास्तर थांबून राहिले तर पुढच्यांचे नंबर येणार कधी? म्हणून दोन-तीन सेकंदांत उत्तर नाही आलं तर खाडा मांडून पुढे जायचं आणि ते बटण करडं करायचं.

‘सगळे चालू’ हे बटण सर्वांना हवं असतं, आणि सर्वात जास्त घोटाळे तेच करतं. आठही प्रोजेक्टर एका क्षणी पेटवले तर सुरुवातीचा विजेचा झटका एमसीबीला झेपेलच असं नाही. एकेकाला दोन सेकंदांच्या अंतरानं पेटवा. बघणाऱ्यालाही ते छान दिसतं. दुसरं, रिमोटवर चालू-बंद एकाच बटणात असतं. तोच संकेत स्क्रिप्टमध्ये घातला आणि तीन टीव्ही आधीच चालू असले, तर ‘सगळे चालू’ म्हटल्यावर ते तिघे बंद होतात. चालूचा आणि बंदचा वेगवेगळा संकेत शोधून काढावा लागतो. बहुतेक वेळा तो असतो, फक्त रिमोटवर छापलेला नसतो.

शेवटी, अशी यंत्रणा ज्यांच्या ताब्यात येणार आहे त्यांच्यासाठी. काही वर्षांनी आठांतला एक टीव्ही जाईल आणि ते मॉडेल बाजारात मिळणार नाही. नव्याची बोली वेगळी असेल. स्क्रिप्टमध्ये ‘काय करायचं’ आणि ‘ते कोणत्या बोलीत सांगायचं’ हे दोन भाग वेगळे ठेवलेले असतील, तर दुसरा भाग बदलून काम भागतं. पण त्यासाठी मूळ स्क्रिप्ट हातात हवी. कंट्रोलरमध्ये चढवलेली फाइल सहसा वाचता येत नाही, आणि कंत्राटदार मूळ प्रत देईलच असं नाही. शेवटचं बिल चुकतं करण्याआधी ती मागून घ्या, आणि सोबत कोणत्या टीव्हीला कोणता क्रमांक दिलाय त्याचा कागदही.