क्रीडा संकुलाचे दार
(विहाराच्या वर्धापन दिनी झालेले भाषण)



आपल्या शहरात तालुका क्रीडा संकुल उभे राहिले. धावण्याची पट्टी, खो-खो-व्हॉलीबॉलची मैदाने, व्यायामशाळा, बॅडमिंटनचा मोठा हॉल, सगळे एकाच कुंपणात. पण आपल्या वस्तीतली किती पोरं तिथे जातात? आम्ही घरोघर विचारले. बोटांवर मोजण्याइतकी! एक माउली म्हणाली, "ते साहेब लोकांचं आहे, बाबा." हे बोलणे आमच्या मनाला लागले.

बंधू-भगिनींनो, एके काळी हे दार खरोखरच बंद होते. चांभार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर पुण्याच्या युरोपियन जिमखान्यावर मैदानाची देखभाल करीत आणि साहेबांना गोलंदाजी टाकीत. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले. मैदानावर सगळ्यांचा चेंडू एकच. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा! याच बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. तरी संघाच्या कर्णधारपदी नेमणूक झाली ती त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांची, तीही 1923 साली.

त्याच 1923 साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले, पण कागदावर. महाडच्या तळ्याचे पाणी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब स्वतः पायऱ्या उतरले तेव्हा मिळाले. ठरावाने दार उघडते, पण आत पाऊल आपल्यालाच टाकावे लागते.

आज संविधानाचे कलम 15 आपल्या पाठीशी आहे. सरकारी पैशातून चालणाऱ्या सार्वजनिक जागेच्या वापरात जात, धर्म, लिंग यांवरून कुणाला अडवता येत नाही. मग आज आपल्याला अडवते कोण? वर्गणी अडवते. हॉल लग्नाला भाड्याने दिला की पोरं गेटवरूनच परत येतात. आणि खरं सांगायचं तर आपणही अडवतो. मुलगा खेळायला निघाला तर "जा", अन् मुलगी निघाली तर "भांडी कोण घासणार?"

मुलींच्या कबड्डीला जागा लागते ती 12 मीटर बाय 8 मीटर. बॅडमिंटनची दोन कोर्टे मावतात तिथे ती सहज बसते. म्हणून आमच्या विहार समितीने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, संध्याकाळचे दोन तास मुलींच्या कबड्डीसाठी राखून मिळावेत, असा लेखी अर्ज संकुल समितीकडे द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. दोन, ज्या घराला वर्गणी झेपत नाही, तिची तजवीज विहाराच्या दानातून करायची. तीन, महिला मंडळाच्या दोन भगिनींनी पाळीपाळीने मुलींसोबत जायचे.

आता तुमचे काम एवढेच. येत्या रविवारी मुलीचे नाव आमच्याकडे लिहून द्या. अभ्यास बुडेल म्हणून घाबरू नका. ज्याचे शरीर धड, त्याचे चित्तही अभ्यासात टिकते. पुढच्या वर्धापन दिनी इथे भाषण आम्ही करणार नाही. संकुलात खेळून आलेली एखादी मुलगी करील. आपण समोर बसून टाळ्या वाजवू.

जयभीम! नमो बुद्धाय!