'ढ' कोण ठरवतं?

(नाशिकमध्ये सातपूर परिसरातील महिला मंडळांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, पोरगी चौथीत आहे. तोंडी सगळं सांगते, पण लिहायला बसली की रडते. सासूबाई म्हणतात, तूच लक्ष देत नाहीस." खोलीतल्या निम्म्या जणींनी माना हलवल्या. म्हणून आज हाच विषय.

माझ्याच घरचं सांगते. माझा मुलगा 'भ'चा 'म' करायचा, 'घ'चा 'ध'. काना-वेलांट्या गळायच्या. फळ्यावरचं वहीत उतरेपर्यंत तास संपायचा. शाळेतून चिठ्ठ्या यायच्या. दोन शिकवण्या लावल्या. मी त्याला मारलंसुद्धा. आजही सांगताना जीभ जड होते. सहावीत तपासणी झाली. बुद्धी चांगली, पण वाचन-लेखनात अध्ययन अक्षमता निघाली. परतताना रिक्षात त्यानं विचारलं, "म्हणजे मी ढ नाही ना?"

ही तपासणी म्हणजे काय? आधी डोळे आणि कान तपासतात. दिसत-ऐकू येत नसेल, तर दुखणं वेगळंच. मग मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक चाचणी घेतात आणि वाचन, लेखन, गणित वेगवेगळं तपासतात. मूल मराठी माध्यमातलं असेल, तर चाचणी मराठीतून व्हावी, असा आग्रह धरा. आठ वर्षांच्या आत सहसा ठाम निदान करत नाहीत. पण मदत सुरू करायला निदानासाठी थांबायचं कारण नाही. जाताना जुन्या वह्या आणि प्रगतिपुस्तकं बरोबर न्या.

एक फरक लक्षात ठेवा. खाजगी तज्ज्ञांचा अहवाल मुलाला समजून घ्यायला उपयोगी पडतो; परीक्षेतल्या सवलतींसाठी मात्र अधिकृत प्रमाणपत्र लागतं. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. दहावीच्या सवलतींचा अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. तेव्हा नववीतच हालचाल करा.

या सवलती म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. महाराष्ट्रात दहावीला त्या १९९६ पासून मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वात स्थान दिलं. अशी मुलं लवकर ओळखून योग्य पद्धतीनं शिकवणं ही शाळांची जबाबदारी आहे, असं या कायद्याचं कलम १६ सांगतं. जादा वेळ, लेखनिक हे मागताना मान खाली घालू नका. आणि प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम संपलं, असंही समजू नका. मुलाला वेगळ्या पद्धतीनं शिकवावंच लागतं.

आता आपल्या मुद्द्याकडे येते. मुलगा मागे पडला की शिकवणी लागते. मुलगी मागे पडली की "तिला डोकंच नाही" म्हणून ती घरी बसते, मग लग्न. तिची तपासणी कुणी करत नाही. शिवाय दोघांच्याही वेळी दोष आईचाच. रुग्णालयाच्या खेपा आईच्या, बुडालेला रोज तिचा, आणि "तुझ्याच घराण्यातलं आहे" हे बोलणंही तिलाच.

म्हणून एक सुचवते. आपल्या प्रत्येक मंडळानं वस्तीतल्या अडखळणाऱ्या मुलींची यादी करावी. कुणा आईला एकटीला पाठवू नये. बरोबर एक मैत्रीण जावी. शाळेला अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

मी माझ्या मुलाला मारलं, कारण मला माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे.